कुत्र्याचे भाडे कोण देणार?

— द्वितीय वर्ष, कला शाखा

वार्षिक अंकासाठी मी हा विषय निवडला आहे असे सांगताच मैत्रिणी हसल्या. बेकारी, हुंडा, परीक्षापद्धती असे भारदस्त विषय पडलेले असताना टॅक्सी आणि कुत्रा? हे तर फावल्या वेळातल्या श्रीमंतांचे दुखणे!

हसणे स्वाभाविक आहे. पाळलेला कुत्रा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मलबार हिलवरच्या बंगल्यातला, रोज साबणाने न्हाणारा कुत्रा उभा राहतो. पण विचार करा, त्या कुत्र्याला टॅक्सी कधी लागते काय? त्याच्यासाठी दारात गाडी उभी असते आणि गाडीत ड्रायव्हर बसलेला असतो. कुत्र्याला घेऊन रस्त्याच्या कडेला हात दाखवत उभे राहण्याची पाळी येते ती ज्याच्या दारात गाडी नाही त्याच्यावर. म्हणजे हा प्रश्न श्रीमंतांचा नव्हेच. तो चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या, दोन खोल्यांत सहा माणसे आणि एक मुके जनावर सांभाळणाऱ्या कुटुंबांचा आहे. आणि तो टॅक्सी चालवणाऱ्याचाही आहे. या दुसऱ्या बाजूविषयी सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहीत आहे.

प्रथम मुंबईचा भूगोल लक्षात घेतला पाहिजे. जनावरांचा सर्वांत प्रसिद्ध दवाखाना परळला आहे. त्याचे कागदोपत्री नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. पण आमच्या आजीच्या पिढीपासून लोक त्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात. त्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. 'बैलघोडा' हे नाव उगीच पडलेले नाही. त्या काळी हे शहर बैलांनी आणि घोड्यांनी ओढले. १८७४ साली मुंबईत ट्राम सुरू झाली तीही घोड्यांची. विजेची ट्राम आली १९०७ मध्ये. व्हिक्टोरिया तर अगदी परवापरवापर्यंत रस्त्यावर होत्या. २०१५ साली उच्च न्यायालयाच्या निकालाने त्या बंद करण्याचे ठरले. ज्या जनावरांनी या शहराची वाहने ओढली त्यांच्यासाठी हे रुग्णालय उभे राहिले. आज दैवदुर्विलास असा की, त्याच रुग्णालयाच्या दारापर्यंत जनावराला घेऊन जायला वाहन मिळत नाही!

का मिळत नाही? उपनगरात रिक्षा आहेत. रिक्षावाला थोडे आढेवेढे घेतो, दहा-वीस रुपये जास्त सांगतो, पण नेतो. मात्र रिक्षाला माहीम-शीवच्या पुढे, म्हणजे मूळ शहरात, परवानगी नाही. परळ त्या हद्दीच्या आत. २०२४ साली टाटा ट्रस्ट्सनी लहान प्राण्यांसाठी नवे रुग्णालय काढले ते महालक्ष्मीला, तेही हद्दीच्या आतच. लोकलच्या गर्दीत माणसालाच एका पायावर उभे राहावे लागते, तिथे आजारी कुत्र्याला न्यायचा विचारही करवत नाही. बसमध्ये कंडक्टर आणि उतारू दोघेही ओरडतात. जनावरांची रुग्णवाहिका हव्या त्या वेळी हाताशी असेलच असे नाही. राहता राहिली टॅक्सी. कुर्ला, घाटकोपर, गोवंडी इकडच्या गरिबाला आजारी कुत्रा परळला न्यायचा तर शीवला रिक्षा सोडून टॅक्सीला हात दाखवण्यावाचून गत्यंतर नाही.

हा हात दाखवण्याचा अनुभव मी गेल्या पावसाळ्यात घेतला. आमच्या शेजारच्या मावशी स्टेशनाबाहेर भाजी विकतात. त्यांच्या कुत्र्याला एका मोटारसायकलची धडक बसली आणि त्याचा मागचा पाय मोडला. मावशींना लिहिता-वाचता येत नाही. दवाखान्यात काही लिहून द्यावे लागले तर असावी म्हणून त्यांनी मला बरोबर घेतले. रिक्षाने शीवपर्यंत आलो. तिथे पहिला टॅक्सीवाला आम्हांला पाहून न थांबताच पुढे गेला. दुसरा म्हणाला, सीट खराब होईल. तिसऱ्याला कुत्रा चावेल अशी भीती वाटली. तोंडाला फडके बांधलेले आहे हे दाखवले तरी तो मान हलवतच राहिला. चौथ्याने तीनशे रुपये मागितले. पाचव्याने काही न बोलता काच वर केली. सहावा थांबला. त्याने डिकीतून एक गोणपाट काढून खाली पसरले, कुत्र्याला पायांपाशी ठेवायला सांगितले आणि मीटर टाकला. परळला उतरल्यावर त्याने मीटरप्रमाणेच पैसे घेतले आणि एवढेच म्हणाला, "माँजी, सीट जरा पोंछ दीजिए." मावशींनी पदराने सीट पुसली. जखमी जनावर घेऊन आम्ही त्या दिवशी पाऊण तास पावसात उभ्या होतो.

पहिल्या पाच टॅक्सीवाल्यांचा मला भयंकर राग आला होता. घरी येऊन मी तो बोलून दाखवला. कुणापाशी? तर माझ्या वडिलांपाशी, जे स्वतः बावीस वर्षे टॅक्सी चालवत आहेत! माझी फी, पुस्तके, रेल्वेचा पास हे सारे त्याच मीटरमधून येते. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "मी असतो तर मीबी थांबलो नसतो."

मी चकित झाले, कारण गल्लीतल्या कुत्र्यांना रोज रात्री भाकरीचा तुकडा टाकणारा माणूस हाच. तेव्हा त्यांनी मला हिशेब सांगितला. गाडी त्यांची नाही, मालकाची. दिवसाची पाळी त्यांची, रात्रीची दुसऱ्याची. धंदा होवो न होवो, पाळीचे ठरलेले पैसे मालकाला द्यायचे; गॅस स्वतःचा; उरेल ते घरी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका बाईला कुत्र्यासह नेले. कुत्र्याला गाडी लागली आणि ते सीटवर ओकले. बाई मीटरचे पैसे देऊन उतरून गेल्या. सीट धुणे, वाळवणे यात भर धंद्याचे दोन तास गेले. संध्याकाळी एका गिऱ्हाइकाच्या कपड्यांना केस लागले, त्याने भांडण काढले. रात्रीच्या ड्रायव्हरने वासाबद्दल मालकाकडे तक्रार केली आणि मालकाने सीट कव्हरचे पैसे वडिलांकडून कापले. "कुत्रं काय माझं वैरी हाय का, पोरी?" वडील म्हणाले. "पण त्याचं भाडं मला परवडत न्हाई."

त्यांच्या या एका वाक्याने माझा राग निवला नाही, पण त्याचा रोख बदलला. कुत्र्याचे भाडे म्हणजे मीटरवर दिसते तेवढेच नव्हे. धुण्याचा वेळ, बुडालेले गिऱ्हाईक, मालकाची बोलणी हे सारे त्या भाड्यात येते आणि ते आज एकट्या चालकाच्या खिशातून जाते. आपण त्याला निर्दय म्हणून मोकळे होतो. भूतदया हा शब्द आपल्याला फार आवडतो, पण भूतदयेलाही खर्च असतो. आणि तो जो माणूस नाही म्हणू शकत नाही त्याच्याकडून वसूल करण्याची आपली जुनी खोड आहे.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर आणि त्याच्या मागोमाग चालत आलेला कुत्रा यांची कथा आहे. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, तू बस, कुत्र्याला सोड. युधिष्ठिर म्हणतो, शरण आलेल्याला सोडून मला स्वर्ग नको. मग तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता असे कळते. लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना मी युधिष्ठिराच्या बाजूची होते, आजही आहे. पण टॅक्सीवाल्याची मुलगी म्हणून आता मनात एक प्रश्न येतो. तो कुत्रा खराच कुत्रा असता आणि चिखलाच्या पायांनी रथात चढला असता तर दुसऱ्या दिवशी रथ कोणी धुतला असता? राजाने तत्त्व सांभाळले, देवाने परीक्षा घेतली. रथ धुणाऱ्याला कथेत जागाच नाही. आपल्याही चर्चेत त्याला जागा नाही. प्राणिप्रेमी म्हणतात, टॅक्सीवाल्यांना दया नाही. टॅक्सीवाले म्हणतात, कुत्रेवाल्यांना अक्कल नाही. दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि ज्याने नियम करायचा तो मात्र नामानिराळा राहतो.

नियम म्हणजे काय ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १७८ व्या कलमानुसार टॅक्सीचालकाने भाडे नाकारणे हा दंडाला पात्र गुन्हा आहे. पण कायदा बोलतो तो प्रवाशाविषयी. कुत्रा प्रवासी आहे काय? नाही. मग सामान आहे काय? तसेही म्हणवत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या टॅक्सीचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये ठरले. दरपत्रकात अंतराचे भाडे असते, मध्यरात्रीनंतरचे जादा भाडे असते, सामानाचाही विचार असतो. कुत्र्याची ओळ तेवढी नसते. म्हणून सगळा कारभार मर्जीवर चालतो. चालक भला असेल तर मीटरप्रमाणे, लोभी असेल तर तीनशे रुपये, घाबरट असेल तर काच वर!

रेल्वेने हा पेच केव्हाच सोडवला आहे. लांबच्या गाडीत कुत्रा न्यायचा तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आरक्षित करावा आणि कुत्र्याला सोबत ठेवावे. ते जमत नसेल तर गार्डच्या डब्यातल्या पेटीतून पाठवावे. दोन्हींसाठी ठरलेला आकार भरून पावती घ्यावी. ही सोय आदर्श आहे असे मी म्हणत नाही. गार्डच्या डब्यातला प्रवास त्या मुक्या जिवाला कसा वाटत असेल कोण जाणे. पण निदान पावती आहे. कुत्रा कोण, तो कुठे बसेल आणि किती पैसे पडतील, हे गार्डाच्या लहरीवर सोडलेले नाही.

मोबाइलवरून टॅक्सी पुरवणाऱ्या कंपन्यांनाही हे उमगले आहे. उबर कंपनीने २०२४ साली बंगळुरूमध्ये पाळीव प्राण्यांसह प्रवासाची वेगळी सेवा सुरू केली. ज्याला ती हवी त्याने जादा पैसे मोजावेत आणि चालकाला आधी कळवावे, अशी ही व्यवस्था. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. पैशाचा आणि पूर्वसूचनेचा प्रश्न मिटला की तोच कुत्रा, तीच सीट आणि तोच चालक यांचे छान जमते! म्हणजे अडचण चालकाच्या मनात नव्हती, व्यवहारात होती. मात्र स्मार्टफोन नसलेल्या आणि ऐन वेळी रस्त्यावर उभ्या राहिलेल्या भाजीवाल्या मावशींना अशा सेवेचा काय उपयोग? त्यांच्यासाठी काळीपिवळी टॅक्सीच खरी.

काळीपिवळीही बदलली आहे, हेही सांगायला हवे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. ती गाडी ऐसपैस होती, मागच्या सीटपुढे मोठा कुत्रा सहज बसायचा असे वडील सांगतात. आताच्या गाड्या लहान. डिकीत गॅसची टाकी. त्यामुळे कुत्रा बसणार तो उतारूच्या पायांपाशीच. म्हणून नियमाची गरज पूर्वीपेक्षा आज अधिक आहे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप धर्माचा. काही चालक पाच वेळा नमाज पढतात. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर तो कपडा धुतल्याशिवाय त्यांना चालत नाही. काही हिंदू चालक सकाळी गाडीतल्या देवाला उदबत्ती लावून निघतात आणि कुत्र्याला आत घेत नाहीत. मग ती तसबीर दत्ताची, म्हणजे पायांशी चार श्वान बसलेली, का असेना! या भावनांची टिंगल करून प्रश्न सुटणार नाही. खाली स्वच्छ चादर, कुत्रा पायांपाशी, तोंडाला जाळी आणि पट्टा मालकाच्या हातात एवढे असले तर लाळ लागण्याचा प्रसंगच सहसा येत नाही. तरीही ज्याला नको त्याच्यावर सरसकट सक्ती नसावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. माणसांना जागा नाही तिथे कुत्र्यांचे कसले कौतुक? रस्त्यावरची कुत्री लहान मुलांना चावतात, रेबीजने माणसे मरतात, ते थांबवा आधी. अगदी खरे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण रेबीज थांबतो कशाने? कुत्र्यांना लस टोचल्याने. आणि लस टोचायची तर एक तर डॉक्टर कुत्र्याकडे आला पाहिजे, नाही तर कुत्रा डॉक्टरकडे गेला पाहिजे. गल्लीतला निम्मा पाळीव, निम्मा मोकाट असा जो कुत्रा असतो त्याला लस टोचून आणण्याची एखाद्या गरिबाची तयारी असते. त्याला आपण पाच टॅक्स्यांकडून नकार देववतो आणि तो घरी परततो. मग उद्या तो कुत्रा कोणाला चावला तर दोष कोणाचा?

मुंबईत हा वाद आजचा नाही. १८३२ च्या जून महिन्यात सरकारी हुकुमाने मोकाट कुत्री मारली जाऊ लागली तेव्हा कोटातल्या पारशांनी दुकाने बंद केली आणि दंगल उसळली. अलीकडे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रथम दिल्लीतली मोकाट कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला आणि ११ दिवसांतच, २२ ऑगस्टला, तो बदलून म्हटले की नसबंदी व लसीकरण करून कुत्री पुन्हा त्यांच्या भागात सोडावीत. रेबीज झालेली आणि हल्लेखोर कुत्री मात्र सोडू नयेत. मारा म्हणणारे आणि जगवा म्हणणारे यांचा वाद चालूच राहील. पण लस टोचावी याविषयी दोन्ही बाजूंचे दुमत नाही. ज्यावर दुमत नाही त्या कामाला निदान वाहन तरी मिळू द्या!

परदेशाचे एक उदाहरण देते, अनुकरणासाठी नव्हे तर विचारासाठी. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण कुत्र्याला टॅक्सीत घ्यायचे की नाही हे चालक ठरवतो. पण अंध किंवा अपंग व्यक्तीचा मदतनीस कुत्रा असेल तर २०१० च्या समानता कायद्याने त्याला घ्यावेच लागते, तेही जादा पैसे न मागता. ज्या चालकाला वैद्यकीय कारणाने कुत्र्याजवळ राहता येत नाही त्याला सूट मिळते. यातले सूत्र मला पटते. हौस असेल तिथे मर्जी, गरज असेल तिथे बंधन, आणि बंधनाला न्याय्य अपवाद.

हेच सूत्र धरून मुंबईसाठी साधा नियम करता येईल. दरपत्रकात कुत्र्याची एक ओळ असावी. आकार लहान पण ठरलेला, म्हणजे चालकाला धुण्याचे पैसे मिळतील आणि गरिबाकडून कोणी तीनशे मागणार नाही. पट्टा, जाळी आणि चादर ही कुत्रा नेणाऱ्याची जबाबदारी असावी. घाण झाली तर भरपाईही त्याचीच. फिरायला, समुद्रावर न्यायला चालक नाही म्हणू शकेल. पण दवाखान्यात किंवा लसीसाठी न्यायचे असेल तर दमा, ॲलर्जी किंवा धर्माचे प्रामाणिक कारण सोडून नकार देता येऊ नये. आणि ज्याला असे कारण असेल त्याने ते एकदाच नोंदवावे, म्हणजे रोज रस्त्यावर वाद होणार नाही. शेवटचे म्हणजे, दवाखान्यापर्यंतच्या प्रवासाचा हा जादा आकार महापालिकेने किंवा धर्मादाय संस्थांनी चालकाला द्यावा. कारण लसीचा फायदा एकट्या मावशींना नाही, साऱ्या वस्तीला आहे. मग खर्च तरी मावशींनी किंवा माझ्या वडिलांनी एकट्याने का सोसावा?

हा नियम झाला तर तो माझ्या वडिलांनाही लागू होईल, हे मला ठाऊक आहे. मी त्यांना तसे विचारलेही. ते म्हणाले, "पैसं ठरल्यालं असतील अन् मालक बोलणार नसंल, तर मी कशाला न्हाई म्हणू?" मला वाटते, मुंबईतले बहुसंख्य टॅक्सीवाले हेच उत्तर देतील. आजवर त्यांना कोणी हा प्रश्न विचारलेला नाही, एवढेच.

नियम होईल तेव्हा होवो. तोपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक आहे. दरवर्षी आपण वृक्षारोपण करतो, रस्ते झाडतो, छायाचित्रे काढतो. यंदा एक छोटे काम करू. शीवच्या टॅक्सीथांब्यावर दोन दिवस उभे राहून, कुत्रा न्यायला तयार असलेल्या चालकांची यादी करू. त्यांची जादा रक्कम त्यांच्याच संमतीने ठरवू. प्रत्येकाला एकेक जाड चादर देऊ. आणि ती यादी कुर्ल्या-गोवंडीच्या वस्त्यांत वाटू. वीस चालक मिळाले तरी पुष्कळ झाले. प्राध्यापकांनी मनावर घेतले तर पहिल्या सत्रातच हे काम उरकेल. यादीतले पहिले नाव घालायला मी माझ्या वडिलांना राजी केले आहे. उरलेली एकोणीस आपण सर्वांनी मिळवायची आहेत.